कोपऱ्यावरचे अंगठे

मे अर्धा सरला की आमच्या आळीत जवळा वाळत पडतो. लोकांना त्या वासाने भूक लागते. मंदा तर म्हणते, नुसत्या वासावर दोन भाकऱ्या जातील. मला दाराची कडी लावावीशी वाटते. भरदुपारी, रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर धडधडत असताना, साठी गाठलेली मी बाई उठून कडी लागली आहे का ते बघून येते. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. माझे वडील धीट होते, आई त्यांच्याहून धीट. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

हे आगोटीचे दिवस. पाऊस लागायच्या आधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची, ही आमच्या खाडीकाठची रीत. पूर्वी पाऊस लागला की होड्या वर ओढलेल्या, मिठागरं पाण्याखाली, उरणच्या बाजाराला जायचं तर गुडघाभर चिखल. म्हणून तांदूळ कणगीत, लाकडं माळ्यावर, मसाला बरणीत आणि सुकी मासळी पत्र्याच्या डब्यांत. आता फोन केला की दारात सामान येतं, मिठागरांच्या जागी गोदामं उभी आहेत. तरी मंदा दर वर्षी अंगणात जुनी लुगडी पसरते, त्यावर जवळा ओतते आणि दिवसभर कावळे हाकत बसते. मंदा म्हणजे माझी शेजारीण आणि बालमैत्रीण, वडिलांबरोबर मिठागरावर असलेल्या काशिनाथकाकांची मुलगी. नवरा गेल्यावर ती माहेरच्या घरी परत आली. मी तर लग्नानंतरही वडिलांचं घर सोडलं नाही, कारण गावच्याच शाळेत शिकवायला लागले. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक शेवग्याचं झाड आहे, भिंत नाही.

या वर्षी माझ्याही अंगणात वाळवण होतं, पण ते वेगळं. वडिलांच्या ट्रंकेतले पक्षाच्या साप्ताहिकाचे अंक मी उन्हात घातले होते. कागदाला कसर लागली होती, हातात घेतलं की भुकटी पडायची. अलिबागच्या कॉलेजातली ऋतुजा नावाची मुलगी डाव्या पक्षांच्या जुन्या साप्ताहिकांवर प्रबंध लिहिते आहे. तिला कुणीतरी माझं नाव सांगितलं. ती एकदा येऊन बघून गेली आणि कोपरे बघून जमिनीवर बसलीच. म्हणाली, ग्रंथालयात अंक मिळतात हो, कोरे करकरीत. ते वाचणारी माणसं कुठेच मिळत नाहीत. अंकांचे फोटो काढून ती सगळं इंटरनेटवर ठेवणार होती. मी हो म्हणाले, आणि ती गेल्यावर कडी लावून घेतली.

कोपऱ्यांची गोष्ट अशी. वडील मिठागरावर कामाला होते आणि सातवी शिकलेले होते, म्हणून गावात अंक त्यांच्याकडे यायचा. मुंबईहून लाँचने मोऱ्याच्या धक्क्यावर, काथ्याने बांधलेलं पुडकं. आठ पानं, स्वस्त पिवळट कागद, वर लाल पट्टी, आणि शाई अशी की वाचून झाल्यावर बोटं काळी. त्यात मिठाचा भाव असायचा आणि कुठल्याशा लांबच्या देशातल्या ऊस तोडणाऱ्यांचा संपही असायचा. वडील दोन्ही एकाच आवाजात वाचत. दुपारच्या जेवणानंतर मिठागरावरच्या झोपडीत पंधरा-वीस माणसं बसायची आणि वडील पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत, छापखान्याच्या पत्त्यासकट, मोठ्याने वाचायचे. मग तोच अंक घरोघर फिरायचा. ज्याला वाचता येई त्याने उजव्या कोपऱ्यात सही करायची. ज्याने ऐकला त्याने अंगठा लावायचा. कंदिलाच्या काचेची काजळी आणि खोबरेल तेलाचा थेंब, ही शाई. अंगठ्याखाली वडील आपल्या वळणदार अक्षरात त्याचं नाव लिहायचे. ऐकणारा तो वाचणाऱ्याहून कमी नाही, असं त्यांचं म्हणणं. मिठात काम करून त्या माणसांचे अंगठे फाटलेले असायचे, रेषा धड उमटायच्या नाहीत. काशिनाथकाकांचा अंगठा मात्र लांबूनही ओळखू यायचा. फावड्याने कापल्याची एक आडवी चीर होती त्यावर.

मी वडिलांचं जेवण घेऊन मिठागरावर जायची. वय नऊ-दहा. मला वाचता येत होतं, म्हणून एकदा वडिलांनी पेन्सिल पुढे केली आणि सही कर म्हणाले. मी हात मागे घेतला. मी म्हणाले, शाळेत बाई रागावतील. सगळे हसले, वडीलही हसले, पण त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी पुढचे कितीतरी दिवस डबा दारातच ठेवून पळून यायची.

मग आणीबाणी आली. सुरुवातीला अंकात कोऱ्या जागा दिसू लागल्या. मजकूर काढून टाकलेला आणि जागा तशीच पांढरी. वडील त्या जागाही वाचायचे. म्हणजे बोट ओळीवरून सरकवल्यासारखं कोऱ्या कागदावरून सरकवत न्यायचे आणि तेवढा वेळ गप्प राहायचे. कुणी खोकत नसे. बाहेर पाणी चढवणारी पवनचक्की कुरकुरायची तेवढाच आवाज. कोरी जागा संपली की पुढच्या बातमीपासून पुन्हा आवाज सुरू. मला भीती म्हणजे काय ते पहिल्यांदा त्या झोपडीत, त्या गप्प बोटाकडे बघताना कळलं.

पुढे छापखान्याला सील लागलं. तरी अंक थांबला नाही. आता दोन-चार पानांचे सायक्लोस्टाइल केलेले कागद यायचे, एका बाजूला निळसर अक्षरं आणि मागची बाजू कोरी. रॉकेलसारखा वास यायचा त्यांना. ते जवळ बाळगणं म्हणजे तुरुंग. गावातल्या शहाण्या माणसांनी वडिलांना सांगितलं की निदान कोपऱ्यावरचे अंगठे तरी आता बंद करा. वडिलांनी ते मिठागरावर सगळ्यांपुढे ठेवलं. काशिनाथकाका सगळ्यांत आधी उठले आणि काजळी मागितली. वडील ही हकिकत आयुष्यभर अभिमानाने सांगत. ती ऐकताना मी दर वेळी उठून पाणी प्यायला आत जायची.

पुढच्या वर्षीच्या आगोटीत वडील घरी नव्हते. पोलीस शोधत आहेत असा निरोप आला आणि ते माणगावकडे कुणा ओळखीच्यांकडे जाऊन राहिले. कुठे, ते आईलाही नक्की माहीत नव्हतं. मला शिकवून ठेवलं होतं, की कुणी विचारलं तर बाबा मामाकडे गेलेत म्हणून सांगायचं. आईने सगळे अंक गोळा केले. जाळणं तिला जमलं नाही. दोनदा चुलीपर्यंत नेऊन परत आणलेले मी पाहिले. मग तिने सुकवलेल्या बोंबलांचे डबे उघडले आणि एक थर बोंबील, एक थर अंक, असं करत सगळे भरले. म्हणाली, त्या वासात हात घालायला पोलिसाची छाती व्हायची नाही. खरंच दोनदा झडती झाली आणि दोन्ही वेळा डब्याचं झाकण उघडून त्यांनी नाक दाबून परत लावलं. मी दाराआड उभी. दुसऱ्या झडतीच्या वेळी माझा परकर ओला झाला होता. आईने तो धुवून टाकला.

आमच्यात रीत आहे, आगोटीचा जवळा वाळला की शेजारीपाजारी एकेक टोपली वानोळा द्यायचा. आळीच्या टोकाला एक हवालदार भाड्याने राहत होता. त्याची बायको माणगावकडची, एकटी एकटी असायची, दुपारी ओट्यावर ओळीखाली बोट धरून पोथी वाचायची. दर वर्षी तिला वानोळा जात होता, या वर्षी चुकला तर नजरेत येईल. आईने मला सांगितलं, “बाय, हवालदारनीला जवला देऊन ये. रोजच्यासारखं चालाचं. भ्यालेलं दिसाचं नाय.”

भ्यालेलं दिसायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात. टोपलीच्या भोकांतून जवळा गळतो म्हणून खाली कागद घालायचा होता. डब्यापाशी एक कोरा कागद पडलेला दिसला. तो घातला, वर जवळा ओतला आणि रोजच्यासारखी चालत गेले. हवालदारनीने टोपली ठेवून घेतली, रिकामी कशी देऊ, उद्या पाठवते म्हणाली. परत येताना शेवग्याखाली पोचले आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात कोरा कागद कुठून येणार. कोरी होती ती मागची बाजू.

कुठला अंक ते मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी मीच तो डब्यातून काढून चोरून वाचला होता. त्याच्या कोपऱ्यात पाच नावं होती. वडिलांची सही, बाळाराम, पोशाबाई, धर्मा आणि काशिनाथकाकांचा अंगठा. मी आईला सांगितलं नाही. त्या दुपारी मी पाटावर बसून ताटातला भात चिवडत राहिले आणि आई मला ताप आला का म्हणून कपाळाला हात लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी टोपली परत आली. रीतीप्रमाणे भरलेली, तिच्या माहेरची आमसुलं होती. खाली तोच कागद, नीट घडी घालून. मी आईच्या आधी टोपली ओढून घेतली आणि कागद काढला. मजकूर होता तसा होता. उजवा कोपरा नव्हता. ओबडधोबड फाटलेला नव्हता, नखाने घडी मारून सरळ काढून घेतलेला. तो कागद मी गुपचूप डब्यात बोंबलांखाली सरकवला.

तेव्हापासून आजवर मी त्या कोपऱ्याचा विचार करते आहे. त्या बाईने नावं बघून चुलीत घातली, आमच्यावर उपकार केले आणि कागद परत पाठवून मला कळवलंही? की नवऱ्याने काढून खिशात ठेवला? दहा दिवसांनी, पाऊस उंबऱ्यावर आला असताना, काशिनाथकाकांना मिठागरावरून नेलं. नावं पाच होती, नेलं एकालाच. मोठी झाल्यावर मी स्वतःला हे शंभर वेळा समजावलं. कोपरा जर पोलिसांच्या हाती लागला असता तर बाकीचे कसे सुटले? पोशाबाईला कुणी हटकलंही नाही. पण पहाटे जाग आली की ही सगळी वकिली फुकट जाते. हवालदाराची पुढे बदली झाली आणि ती दोघं कुठे गेली कुणाला माहीत नाही.

काशिनाथकाका सुटून आले ते खोकत आले. दोन पावसाळे काढले, तिसऱ्या आगोटीत गेले. मंदा तेव्हा माझ्याच वर्गात होती. तिची शाळा सुटली आणि ती मिठाच्या पाट्या उचलायला जाऊ लागली. मी शिकले, बाई झाले. गावातल्या बायकांचे वर्ग घेतले. वीस-पंचवीस जणींना सही करायला शिकवलं, अंगठ्यातून सोडवलं. मंदा त्यात पहिली. तिचा हात धरून ‘मं’ गिरवून घेताना मला वाटायचं, आता सांगावं. नाही सांगितलं.

वडील परत आले, साप्ताहिकही परत आलं, लाल पट्टीसकट. पण मग पक्ष फुटला आणि दोन साप्ताहिकं झाली. एकाच आठवड्यात दोन पुडकी, आणि दोन्हींत एकमेकांना शिव्या. वडील दोन्ही मागवायचे, भांडणाऱ्या भावांकडे जेवायला जावं तसे. पुढे त्यातलं एक पाक्षिक झालं, एक मासिक. मग फक्त दिवाळीचा अंक. जमिनी बंदरात गेल्या, मिठागरं बुजली, झोपडी गेली, ऐकणारी माणसं ट्रेलरवर क्लीनर झाली. शेवटच्या अंकावर एकच सही आहे, वडिलांची. त्यांनी तो स्वतःच मोठ्याने वाचला होता. घरात मी होते, पण मी स्वयंपाकघरात होते.

तर या मे महिन्यात, अंगणात हे सगळं पसरलेलं असताना निखिलचा, माझ्या मुलाचा, खारघरहून फोन आला. त्याला परदेशात बंदरावर नोकरी लागते आहे, पोलीस व्हेरिफिकेशन चालू आहे. तो काही रागावला नाही, उलट फार हळू बोलत होता. “आई, हल्ली असले कागद घरात नकोत. कोण कशावरून काय काढेल सांगता येत नाही. निदान नावं तरी नेटवर नको जाऊ देऊस.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, आणि तळहात पदराला पुसले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी शिपाई आला. तरुण, सभ्य, मोटारसायकलवर. निखिलचा कायमचा पत्ता बघायचा होता. मी चहा ठेवला. तो अंगणात खुर्चीवर बसून कागद भरत होता आणि त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर लाल पट्टी उन्हात चमकत होती. त्याने सहज विचारलं, “रद्दी काढलीत का मॅडम?”

“हो, रद्दीच आहे,” मी म्हणाले.

तो सही घेऊन गेला. ती सही मी कशी केली मला आठवत नाही. नंतर खूप वेळ मी ओट्यावर बसून होते. ज्या कागदांसाठी आईने दोन झडत्या सोसल्या त्यांना मी रद्दी म्हणाले, आणि कुणी धमकावलेलं नसताना म्हणाले. लाज वाटली. पण खरं सांगते, लाजेपेक्षा सुटका जास्त वाटली.

म्हणून सकाळी मी कात्री घेऊन बसले. ऋतुजा दहाला येणार होती. तिला मजकूर मिळेल, कोपरे मिळणार नाहीत. पहिला गठ्ठा मांडीवर घेतला आणि तेवढ्यात शेवग्याखालून मंदा आली, या वर्षीच्या वानोळ्याची टोपली घेऊन. कात्री बघून तिने काय करतेस विचारलं. मी सांगितलं, निखिलचं सांगितलं, शिपायाचं सांगितलं. म्हटलं, यात तुझ्या बापाचाही अंगठा आहे, उगाच तुझ्या नातवंडांना त्रास नको.

मंदाने टोपली खाली ठेवली. कुठाय, दाखव म्हणाली. मी एक अंक उलगडला. काळा, पसरलेला, मधोमध आडवी चीर. तिने बोट लावलं नाही, नुसती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “माजे बापाचा आंगठा दोनच जागी हाय. एक जमीन सावकाराला गेली त्या कागदावर. नी एक हितं. ह्यो कापू नको.”

मी कात्री खाली ठेवली. आणि मग, कसं ते मला माहीत नाही, पण पन्नास वर्षं दडवलेलं बाहेर आलं. टोपली, कोरी बाजू, आमसुलं, काढून घेतलेला कोपरा. मध्ये एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मंदा ऐकत होती आणि हाताने जवळ्यातले बारीक शंख वेचून बाजूला टाकत होती. माझं संपलं तरी ती वेचत राहिली. मिठागरावरच्या त्या कोऱ्या जागांची मला आठवण झाली.

“मना आदी सांगाचं व्हतंस,” ती शेवटी म्हणाली. “आयस जिवंत व्हती तवा.”

माफ केलं म्हणाली नाही. रागही धरला नाही, किंवा धरला असेल तर मला दिसू दिला नाही. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मंदाची आई दारात बसून नवऱ्याला कुणी दाखवून दिलं त्याला शिव्या घालायची, ते मला जसंच्या तसं ऐकू येऊ लागलं.

ऋतुजा आली. एकेक अंक पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढू लागली. तो कागद आला तेव्हा तिने विचारलं, हा कोपरा कुठे गेला? मी मंदाकडे बघितलं. मंदा उठून गेली नाही. तेव्हा मी परत सगळं सांगितलं. ऋतुजा म्हणाली, एका चिठ्ठीवर पाच नावं लिहू आणि कोपऱ्याच्या जागी ठेवून फोटो काढू. तुमचं आडनाव नको असेल तर नको. माहिती कुणी दिली, ते मात्र लिहावं लागतं, नाहीतर पुढचा विश्वास कशावर ठेवणार. तिथे फक्त तुमची सही.

मला निखिल आठवला. त्याला काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं, अजूनही ठरलेलं नाही. नावं मी तोंडाने सांगितली, एकही अडखळली नाही. मग तिने पेन पुढे केलं. तसंच, वडिलांनी पेन्सिल पुढे केली होती तसं. मी पेन घेतलं आणि टोक कागदावर टेकलं, पण हात इतका थरथरत होता की नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. दुसरी चिठ्ठी घेतली, तेच. गावाला सही शिकवणारी बाई मी. तिसऱ्या चिठ्ठीला डोळ्यांत पाणी आलं.

मंदा उठून तिच्या घरात गेली. येताना खोबरेलाची बाटली आणि तवा घेऊन आली, चुलीवरच्या भाकऱ्यांचा, बुडाशी बोटभर काजळी. तिने माझा अंगठा धरला, आधी खोबरेलाच्या बाटलीच्या तोंडावर टेकवला, मग तव्याच्या बुडाला घासला आणि चिठ्ठीवर नेऊन दाबला. तिचा हात अजिबात हलत नव्हता.

ऋतुजाने पेन उचललं. मंदा म्हणाली, तू नको, इकडे दे. मला वाटलं पेन माझ्याकडे देते आहे. पण तिने ते स्वतःच घेतलं, मी शिकवलं होतं तसं तीन बोटांत धरलं आणि माझ्या अंगठ्याखाली एकेक अक्षर जोडत माझं नाव लिहिलं.